उजेड सगळेच विकतात, वीज कोण देणार?

जयपूरला मोतीडुंगरीच्या गणपतीसमोर नव्या गाडीची पूजा करायची रीत आहे. बुधवारी तर रांगच लागते. हँडलला मौलीचा लाल धागा, टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक, आणि तिथून गाडी थेट ॲक्सेसरीच्या दुकानात. पुढे दोन फॉग लाइट, क्रॅशगार्डला आणखी दोन, हँडलवर मोबाइल चार्जर, जोडीला कानठळ्या बसवणारा हॉर्न. सगळं एका दुपारी, एकाच बॅटरीवर. दुकानदार लुमेन सांगतो, वॉरंटी सांगतो, झोत किती लांब पडेल ते सांगतो. या सगळ्याला लागणारी वीज कुठून येणार हे मात्र तो सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. माझं भांडण या न विचारण्याशी आहे.

उजेडाची गरज खोटी नाही, हे आधीच सांगतो. जयपूरहून रात्री सीकरकडे किंवा अजमेरकडे दुचाकीवरून गेलेला माणूस जास्त उजेड मागणाऱ्याला नावं ठेवणार नाही. उंटगाडीला मागे दिवा नसतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लाल कापडसुद्धा नसतं. नीलगाय रस्त्यात कुठूनही उगवते. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या रस्त्यावर धुकं उतरलं की समोरचा ट्रक आहे की नाही, हेही कळत नाही. थंडीच्या दिवसांत पुण्या-मुंबईहून जैसलमेरला निघालेली आपली पोरं जयपूरला मुक्काम करतात आणि पुढच्या वाळवंटाच्या धास्तीने इथेच लाइट बसवून घेतात. त्यांना उजेड हवा, मिळायलाही हवा. पण उजेडाआधी हिशेब हवा.

तो हिशेब अवघड नाही. बॅटरी वीज तयार करत नाही. ती गल्ला आहे, कमाई नव्हे. कमाई होते इंजिनाच्या पोटात. क्रँकच्या टोकाला चुंबकांचा रोटर फिरतो, त्याच्या आत तांब्याच्या तारा गुंडाळलेला स्टेटर बसलेला असतो. आपले मेकॅनिक त्याला कॉइलप्लेट म्हणतात. तिथून निघणारी वीज एसी असते आणि तिचा दाब इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो. मग येतो आरआर, म्हणजे रेग्युलेटर-रेक्टिफायर. सीटखाली किंवा फ्रेमला बसवलेला, पंख्यासारख्या खाचा असलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा. तो एसीची डीसी करतो आणि दाब चौदा-साडेचौदा व्होल्टच्या आत धरून ठेवतो. चार्जिंग सिस्टिम म्हणतात ती एवढीच: चुंबक, कॉइल, आरआर, बॅटरी आणि त्यांना जोडणाऱ्या तारा.

आता कमाई किती? चारशे सीसीच्या आसपासच्या टूरिंग गाडीची कॉइल कागदावर दोन-अडीचशे वॅटची असते. शंभर सीसीच्या रोजच्या गाडीला तेवढी मिळत नाही, बरीच कमी मिळते. शिवाय कागदावरचा आकडा इंजिन जोरात फिरत असतानाचा असतो. जयपुरातच चांदपोलहून बडी चौपडला जाताना, रिक्षा आणि हातगाड्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये गाडी घुटमळते, तेव्हा त्या आकड्याचा एखादा हिस्साच हाती येतो. खर्च मात्र पूर्ण चालू असतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकीचा हेडलाइट इंजिनासोबत आपोआप पेटतो, तो बंद करायचं बटण नाही. एच-फोर बल्ब म्हणजे ५५ ते ६० वॅट. २०१९ पासून सव्वाशे सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस आलं. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला. त्या जागी इंधनाचा विजेवर चालणारा पंप, इंजेक्टर आणि सगळं ठरवणारा ईसीयू बसला. म्हणजे गाडी शोरूममधून बाहेर पडते तेव्हाच तिच्या कमाईतला मोठा वाटा बांधलेला असतो. उरलेल्यात तुम्ही चाळीस-चाळीस वॅटचे चार लाइट टाकता, गरम ग्रिप टाकता, दोन मोबाइल लावता.

ही तूट सिग्नलला दिसत नाही. बॅटरी गुपचूप भरून देते. शहरातून बाहेर पडेपर्यंत तिच्यातून थोडं थोडं जातं, हायवेवर थोडं परत येतं. रात्री हॉटेलबाहेर उभी केलेली गाडी सकाळी स्टार्टरला ‘टक टक’ करते, तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, बॅटरी खराब निघाली. नवी बॅटरी येते. महिनाभराने तीही टक टक करते.

पूर्वी हे चालून जायचं. जुन्या स्प्लेंडरसारख्या गाड्यांचं इग्निशनच कॉइलच्या एसीवर चालायचं. बॅटरी काढून ठेवली तरी किक मारली की गाडी सुरू. आज फ्युएल पंपाला वीज मिळाली नाही तर टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही. रॉयल एनफिल्डच्या क्लासिकची तर २०२१ मध्ये किकसुद्धा गेली. ढकलून सुरू करायची म्हटली तरी पंप आणि ईसीयू जागे होण्याइतके व्होल्ट बॅटरीत असावे लागतात. पोखरणच्या पुढे, जिथे पुढचा पेट्रोलपंप कधी येतो याकडे डोळे लागलेले असतात, तिथे मेलेली बॅटरी म्हणजे मेलेली गाडी. चार्जिंगचा विषय गाडीवेड्यांच्या गप्पांचा राहिलेला नाही. तो सुखरूप घरी पोचण्याचा विषय आहे.

जयपूरच्या अजमेर रस्त्यापासून थोडं आत, एका छोट्या गॅरेजात एका संध्याकाळी मी उभा होतो. पुण्याचे दोघे तरुण, गाडीला चार एलईडी, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. बॅटरी वाटेत बदललेली, तरी गाडी सुरू होईना. गॅरेजचे उस्ताद साठीचे. पोरं म्हणाली, “उस्ताद, बैटरी ही ख़राब है ना?” उस्तादांनी हातातला पाना खाली ठेवला. “बैटरी बेचारी का क्या कसूर. बत्ती तो सब लगा देते हैं, करंट कोई नहीं गिनता.”

मग त्यांनी मोजलं. गाडी धक्का देऊन, दुसऱ्या बॅटरीच्या आधाराने सुरू केली. सगळे लाइट चालू ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांवर मीटर लावला: ११.९. रेस देऊन: १२.४. रेस दिल्यावर साडेतेरा-चौदा दिसायला हवेत. त्यांनी सीट काढली आणि आरआरकडे जाणारा कपलर सोडवला. कॉइलकडून येणाऱ्या तीन पिवळ्या तारा. त्यातल्या एकीचं प्लास्टिक तपकिरी होऊन पिनेवर वितळून चिकटलेलं, तार टोकाला काळी, बोटांत धरली तर तुटेल इतकी ताठ. पोरांना वाटलं, कॉइल जळली. उस्ताद मान हलवून पुढे गेले. कपलर उघडा ठेवून, इंजिन जोरात फिरवून त्यांनी तीन तारांमधल्या तिन्ही जोड्या मोजल्या. तिन्हींवर साठीच्या आसपास एसी व्होल्ट, एकमेकांच्या अगदी जवळ. मग इंजिन बंद करून प्रत्येक पिवळी तार आणि इंजिनाची बॉडी यांच्यात मीटरची शिट्टी वाजते का पाहिलं. नाही वाजली. कॉइल ठणठणीत होती. बिघाड होता त्या एका जळक्या पिनेत, आणि आणखी एका ठिकाणी: लाइट बसवणाऱ्याने चारही दिव्यांची काळी तार टाकीखालच्या रंगवलेल्या बोल्टला बांधली होती. रंग वीज वाहू देत नाही. अर्थ पुरता नव्हताच.

त्यांनी कपलर कापून टाकला, तिन्ही तारा ताज्या तांब्यापर्यंत सोलल्या, नीट दाबलेले थिंबल लावले, वर नळी चढवून गरम केली. आरआरच्या मायनसपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत जाड तार स्वतंत्र ओढली. दिव्यांचा अर्थही तिथेच आणला. रेस देऊन मीटर: १३.९. चारही लाइट लावून गाडी नुसती उभी ठेवली तर १२.३ वर घसरला. दोन ठेवले तर १३ च्या वर राहिला. उस्तादांनी दोन लाइट काढून पोरांच्या हातात दिले. पोरांना ते आवडलं नाही, पण मीटर समोर होता. अपग्रेड म्हणतात ते हेच. एकही नवा भाग विकत न घेता गाडीची कमाई दीड व्होल्टने वाढली.

यातला सगळ्यात स्वस्त धडा तारेचा आहे आणि तोच कोणी गिरवत नाही. गाडीची मूळ वायरिंग बारीक असते, हेडलाइटची वीज हँडलच्या स्विचमधून फिरून येते. प्रत्येक जोड, प्रत्येक गंजलेली पिन थोडे थोडे व्होल्ट खाते. हॅलोजनचा उजेड व्होल्टच्या प्रमाणात कमी होत नाही, त्यापेक्षा कितीतरी वेगाने कमी होतो: व्होल्ट दहा टक्के घसरले की उजेड जवळपास तीस टक्के जातो. म्हणून पुष्कळ गाड्यांना फॉग लाइट नकोच असतात. बॅटरीपासून फ्यूज लावून सरळ आणलेली दीड-अडीच चौरस मिलिमीटरची तार आणि एक रिले, एवढ्यावर मूळ हेडलाइट असा उघडतो की मालक दुसऱ्या दिवशी दिवे शोधायला बाहेर पडत नाही. स्विचने रिले उचलायचा, जड वीज स्विचमधून न्यायचीच नाही. हे काम दिसत नाही. क्रॅशगार्डवर मिरवता येत नाही. म्हणून ते विकलं जात नाही.

दुसरं काम डीसी करण्याचं. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांत वर्षानुवर्षं हेडलाइट एसीवर असायचा. रेस दिली की लख्ख, सिग्नलला मिणमिण. त्या कॉइलचं एक टोक बॉडीला जोडलेलं असतं, बॅटरीला लाटेचा अर्धाच भाग मिळतो आणि हेडलाइट आपला वाटा एसीवरच घेतो. ‘डीसी करवा दो’ म्हटलं की जयपूरचा असो की पुण्याच्या बुधवार पेठेतला असो, मेकॅनिकने करायचं ते असं: कॉइलप्लेट बाहेर काढून बॉडीला झाळलेलं टोक सोडवायचं, त्याला स्वतंत्र तार जोडून बाहेर आणायची, आणि दोन्ही टोकं पूर्ण लाटेच्या आरआरला द्यायची. मग सगळी वीज आधी बॅटरीत जमा होते आणि हेडलाइट तिथून घेतो. उभ्या गाडीचाही उजेड स्थिर राहतो. रूपांतर चांगलं आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण बहुतेक ठिकाणी अर्धंच होतं. टोक सोडवतात, आरआर जुनाच ठेवतात. किंवा हेडलाइट बॅटरीवर टाकतात आणि कॉइलला हातच लावत नाहीत. अशा गाडीची बॅटरी संध्याकाळच्या गर्दीत दोन तासांत बसते. कॉइलची पेटी उघडल्याशिवाय डीसीचे पैसे द्यायचे नाहीत. उघडली की टोक तुम्हाला दाखवायला सांगायचं.

वाइंडिंगवाल्याकडून कॉइल नव्याने भरून घेणं हा तिसरा मार्ग. चांगला कारागीर जाड तार, योग्य वेढे आणि उष्णता सोसणारं वॉर्निश वापरतो. तसा कारागीर मिळाला तर त्याच्याकडे जा. पण वेढे वाढवले की कमी वेगाला व्होल्ट जास्त मिळतात आणि ॲम्पिअर मर्यादित होतात. तार जाड केली की उलटं. कॉइलच्या जागेत दोन्ही बसत नाही. ‘डबल करंट’ करून देतो म्हणणाऱ्याला विचारा, कोणत्या वेगाला?

एलईडीबद्दलचा गैरसमज मात्र इतका पसरलेला आहे की त्याला इथे सविस्तर जागा द्यायलाच हवी. लोक म्हणतात, हॅलोजन काढून एलईडी लावला, आता कॉइलवरचा भार निम्मा झाला, कॉइल आरामात राहील. बॅटरीच्या बाबतीत हे बरोबर आहे, कमी खर्च झाला तर तूटही कमी. कॉइलच्या बाबतीत बहुतेक गाड्यांत हे चूक आहे. कायम चुंबकाची कॉइल आपली वीज थांबवू शकत नाही. चुंबक फिरतो आहे तोवर ती बनतच राहते. नेहमीचा आरआर शंट जातीचा असतो. जास्तीची वीज तो कॉइलमध्येच परत फिरवतो, म्हणजे कॉइल जणू शॉर्ट करून ठेवतो. तुम्ही लाइट बंद केलेत, एलईडी लावलेत, कॉइलला फरक पडत नाही. ती पूर्ण प्रवाहाने तापत राहते आणि आरआरही तापतो. जयपूरच्या मे महिन्यात, नौतप्याच्या नऊ तापत्या दिवसांत पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, आणि ट्रॅफिकमध्ये हवा फिरत नाही तेव्हा आरआरवर हात ठेवता येत नाही. आतल्या थायरिस्टरचं आयुष्य तिथे जळतं.

याला उपाय आहे. थायरिस्टरच्या जागी मॉसफेट असलेला आरआर शंटच असतो, पण स्वतः बराच कमी तापतो. सीरीज जातीचा आरआर त्याहून पुढचा: गरज नसली की तो कॉइलचा मार्गच तोडतो, मग कॉइलमध्ये प्रवाहच नाही, उष्णताही नाही. जपानच्या शिंदेनगेन कंपनीचे असे सीरीज आरआर मोठ्या टूरिंग गाड्यांवर जगभर लावले जातात. आपल्याकडे ते महाग पडतात आणि नावाच्या नकला बाजारात भरपूर आहेत. पण एलईडीवर दहा हजार घालणाऱ्याने आधी या ठोकळ्यावर खर्च करावा, असं मी ठामपणे म्हणतो. आणि जिथे बसवता तिथे वारा लागला पाहिजे. पेटीमागे, चिखलात, सीटच्या फोमखाली दाबून बसवलेला महागडा आरआरही जळतो.

उन्हाचा दुसरा मार बॅटरीवर. शिशाच्या बॅटरीला उन्हाळ्यात कमी व्होल्टवर भरावं लागतं. पंचवीस अंशांच्या वर दर अंशाला बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी साधारण अठरा मिलिव्होल्ट कमी. पंचेचाळीसला हा फरक एक तृतीयांश व्होल्टच्या वर जातो. दुचाकीचे बहुतेक आरआर उन्हाळा-हिवाळा ओळखत नाहीत. त्यामुळे थंडीत योग्य वाटणारे १४.६ जयपूरच्या जूनमध्ये बॅटरी उकळवतात. राजस्थानात बॅटऱ्या लवकर मरतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे, आणि त्याचा दोष बॅटरीला देऊन दर वर्षी पैसे घालवले जातात.

जुन्या गाड्या जपणाऱ्यांनाही जयपुरात मानाचं स्थान आहे, म्हणून सहा व्होल्टबद्दल थोडं. जुन्या बुलेट, मैसूरच्या आयडियल जावाच्या १९६१ पासूनच्या जावा आणि पुढच्या येझदी यांतल्या कितीतरी गाड्या सहा व्होल्टच्या. तेवढ्याच वॅटच्या बल्बला सहा व्होल्टवर दुप्पट प्रवाह लागतो, आणि तारेत वाया जाणारी वीज चौपट होते. त्या गाड्यांच्या हेडलाइटला ‘मेणबत्ती’ म्हणतात त्यात दोष फक्त बल्बचा नाही. अल्टरनेटरच्या जुन्या बुलेटला बारा व्होल्ट करताना कॉइल बहुतेक वेळा बदलावी लागत नाही; योग्य आरआर लावला की तीच कॉइल जास्त दाब देते. बल्ब, हॉर्न, इग्निशन कॉइल आणि बॅटरी बदलायची. जावा-येझदीच्या डायनॅमोचं काम वेगळं आणि किचकट, ते जाणत्याकडेच द्यावं. आणि जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या टोपणावर तो छोटा ॲम्पिअर मीटर होता, मधे शून्य, डावीकडे खर्च, उजवीकडे जमा. इंडिकेटर लावला की काटा टिकटिक हलायचा. चालवणाऱ्याला रोज कळायचं, आज बॅटरीत भर पडते आहे की वजाबाकी. आजच्या गाडीच्या रंगीत पडद्यावर फोन कोणाचा आला ते दिसतं. बॅटरीचे व्होल्ट किती, हे बहुतेक पडद्यांवर नाही. हे मागे जाणं आहे.

दुसऱ्याच्या डोळ्यांचंही बोलायला हवं. वर झोत मारणारे चार पांढरे दिवे लावून हायवेवर येणारा माणूस समोरच्या स्कूटरवाल्याला काही क्षण आंधळा करतो, आणि त्या स्कूटरवर अनेकदा मूल पुढे उभं असतं. धुक्यात पांढरा उंच झोत चालवणाऱ्यालाच भिंत दाखवतो. खाली लावलेला, पिवळा, रुंद पसरणारा आणि वरून कापलेला झोत रस्ता दाखवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करायला परवानगी देत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं आहे. चार दिवे लावणाऱ्या प्रत्येकाने हे जाणून लावावं.

आता सगळ्यात टोचणारी गोष्ट. जयपूरच्या वेशीवर, दिल्लीच्या रस्त्यावर कूकसला हीरो मोटोकॉर्पचं संशोधन केंद्र आहे. २०१६ मध्ये ते सुरू झालं, ८५० कोटी रुपये त्यावर लागले, चाचणीचे स्वतःचे रस्ते आहेत. इकडे महाराष्ट्रात आकुर्डी-चाकणला बजाज आहे, पुण्यात वाहनांवर संशोधन करणारी एआरएआय आहे, वाळूजला दुचाकींचे मॅग्नेटो आणि आरआर बनवणारी वॅरॉक आहे. कोणत्या वेगाला कॉइल किती वॅट देते, गाडी स्वतः किती खाते, किती उरते, हे गाडी बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला ठाऊक असतं. त्याशिवाय गाडी बनतच नाही. हे ज्ञान त्या भिंतींच्या आत राहतं आणि बाहेर दुकानात अंदाज विकला जातो. कूकसपासून गॅरेजपर्यंतचं हे अंतर रस्त्याचं नाही. तो एक छापायचा राहिलेला आकडा आहे.

म्हणून माझी मागणी साधी आणि नेमकी आहे. मालकाच्या पुस्तिकेत, बल्बच्या वॅटच्या खाली, एक ओळ छापा: इंजिन आयडलला असताना बाहेरच्या उपकरणांना इतके वॅट, आणि चार हजार आरपीएमला इतके. जाहिरातीत नका सांगू, पण छापा. ॲक्सेसरीच्या दुकानाने लाइट लावण्याआधी आणि नंतर बॅटरीवरचे व्होल्ट बिलावर लिहून द्यावेत; दिव्याच्या डब्यावरचा वॅटचा आकडा बहुतेक वेळा फुगवलेला असतो, म्हणून प्रत्यक्ष ॲम्पिअरही लिहावा. आणि मालकाने हँडलवर दोन-तीनशे रुपयांचा व्होल्टमीटर लावावा, तो चावीबरोबर बंद होईल अशा तारेवर. नाहीतर उभ्या गाडीत तोच बॅटरी पीत बसतो.

गॅरेजात गाडी लावल्यावर मीटर हातात घेऊन काय पाहायचं, तेही इथेच लिहून ठेवतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ च्या आसपास. स्टार्टर दाबताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. गाडी जोरात फिरवून १३.८ ते १४.५, त्याच्या बराच वर गेला तर आरआर गेला, खाली राहिला तर आधी कपलर आणि अर्थ पाहा, मग तीन पिवळ्या तारांचे तिन्ही आकडे सारखे आहेत का ते, आणि कोणती पिवळी तार बॉडीला लागते का ते. लागली तर कॉइल गेली. चावी काढल्यावर बॅटरीतून काही मिलिअँपिअरच जात असावेत. त्याहून जास्त जात असतील तर फ्यूज एकेक काढत शोधायचं. हे सगळं करायला अर्धा तास पुरतो. बॅटरी आधी बदला, मग बघू म्हणणाऱ्या गॅरेजातून गाडी पुढच्या गॅरेजात न्या.